दार ओढून घेण्याआधी

जव्हार गावाला लागूनच शिरपामाळ आहे. सुरतेच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज १६६४ च्या तोंडावर इथे मुक्कामाला थांबले, जव्हारचे राजे विक्रमशाह यांनी त्यांचं स्वागत केलं आणि शिरोभूषणात मानाचा तुरा खोवला, म्हणून हा शिरपामाळ, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. सहलीला आलेली माणसं स्मारकापाशी फोटो काढून पुढे जातात. दिवाळी झाली की मला मात्र तिथे उभं राहिल्यावर दुसराच मुक्काम आठवतो. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून पहाटे टेम्पो उतरायला लागलेले असतात. त्यात पातेली, हंडा, गोधड्या, टोपलीखाली झाकलेल्या दोन कोंबड्या, पेंगुळलेली पोरं. कुणी भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर, कुणी रेतीवर, कुणी ठाण्या-मुंबईच्या बांधकामांवर, कुणी नाशिककडे द्राक्षबागांत. होळीला चार दिवस येतात आणि मग एकदम पावसाच्या तोंडावर. मधले सहा-सात महिने घराला घरची माणसं नसतात.

मी याच भागातल्या शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरी घेताना एकेका नावापाशी थांबावं लागतं, आणि शेजारचं पोर सांगतं, ‘बाई, ती गेली भट्टीवर.’ शहरातली हौशी मंडळी आता चाकांवरचं घर भाड्याने घेऊन लांबच्या सफरीला निघतात, तेव्हा त्यांची तयारी दोन-दोन महिने चालते. आपल्याकडे सहा महिन्यांसाठी अख्खं घर हलतं ते मात्र बहुतेक वेळा एका रात्रीत, मुकादमाचा निरोप आला म्हणून. ही एक रात्र फार महागात पडते. म्हणून हा लेख. तुमच्या घरात दहावी-बारावी झालेली लेक असेल, नाहीतर आश्रमशाळेतून सुट्टीला आलेला मुलगा असेल, त्याने हा मोठ्याने वाचून दाखवावा. आजी-आजोबांसमोर वाचावा, आणि उचल घेण्याच्या आधी वाचावा.

माझं सांगणं थोडक्यात असं आहे. भट्टीवर पोहोचल्यावर तुमच्या हातात फार काही उरत नाही. जे काही ठरवता येतं, बोलता येतं, नाकारता येतं ते टेम्पोत बसण्याआधी, स्वतःच्या अंगणात. आणि अंगणात उभं राहून नाकारण्याची ताकद येते ती घरातल्या कणगीतून. घर नीट आवरून, राखून निघालेला माणूस पुढच्या भादव्यात मुकादमापुढे कमी वाकतो.

भादवा मी उगीच म्हटला नाही. जायची तयारी दिवाळीत सुरू होते असं आपण समजतो, पण ती खरी सुरू होते पावसाळ्यात. जुनी नागली संपलेली, नवी अजून कणसात, भात पोटरीत. घरात आजारपण असतं, गौरी-गणपती असतात, एखादं लग्न ठरलेलं असतं. त्या दिवसांत मुकादम येतो आणि पाच-दहा हजार हातावर ठेवतो. ती उचल, कुणी बयाना म्हणतं. त्या दिवशी तुमचा पुढचा उन्हाळा विकला जातो.

उचल घेऊच नका असं मी सांगणार नाही, कारण चूल थंड असताना असले सल्ले देणं सोपं असतं. पण घेताना आधी हिशेब मांडा. वहीच्या पानावर मांडा, तोंडी नको. उदाहरण घेऊ. समजा १५ हजार उचल घेतली. भट्टीवर आठवड्याच्या बाजाराला ८०० रुपये खर्ची ठरली. २६ आठवड्यांचे झाले २० हजार ८००. म्हणजे शेठच्या वहीत तुमच्या नावावर ३५ हजार ८०० रुपये. आता समजा हजार विटांमागे जोडीला ७०० रुपये ठरले. तर पहिल्या ५१ हजार विटा नुसत्या हे फेडण्यात जातात. त्यानंतर थापलेली वीट खरी तुमची. हे आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत. तुमचा दर, तुमची खर्ची घालून हेच गणित लेकीला करायला सांगा, आणि मग गेल्या वर्षी तुम्ही दोघांनी किती विटा थापल्या होत्या ते आठवा. किती उचल पेलवेल याचं उत्तर तिथेच मिळतं.

दर ठरवताना काही गोष्टी तोंडावर विचाराव्या लागतात. हजार म्हणजे हजारच, की तुटफुटीच्या नावाखाली वर आणखी? मोजणी कुणी करायची आणि किती दिवसांनी? अवकाळी पावसात कच्च्या विटा भिजून गेल्या तर ते नुकसान कुणाचं? जाण्या-येण्याचं भाडं कोण देणार? भोंगा (भट्टीवरची झोपडी) बांधायला बांबू, पेंढा, प्लास्टिक कुणाचं? पिण्याचं पाणी किती लांब? माणूस आजारी पडला, बाई बाळंत झाली, तर औषधपाण्याचा खर्च उचलीत चढणार का? मुकादम हसेल, ‘एवढं कोण विचारतं’ म्हणेल. विचारा. तो आपल्याच भागातला, बहुधा नात्यागोत्यातला असतो, म्हणून भीड पडते. तुमच्या भिडेचा फायदा मात्र वरच्या शेठला होतो.

आणि हे बोलणं नवरा-बायको दोघांसमोर व्हावं. यावर मी अडून बसणार आहे. भट्टीवर काम जोडीने होतं. चिखल दोघांचा, थापी दोघांची, रात्री दोन वाजता उठणं दोघांचं. पण उचल घेतो एकटा बाप्या, हिशेबाच्या वहीत नाव त्याचं, आणि त्यातले किती घरात आले ते बाईला कधी कधी होळीपर्यंत कळत नाही. जिच्या हातांच्या भरवशावर पैसे घेतले जातात तिला आकडा माहीत असलाच पाहिजे.

मुकादम कागदावर सही करत नसेल तर वाद घालू नका, दुसरा रस्ता आहे. त्याच रात्री लेकीने त्याच्या मोबाईलवर संदेश पाठवावा: ‘मामा, आज अमुक तारखेला बाबांनी इतके रुपये उचल घेतली. दर हजाराला इतका, खर्ची इतकी, भाडं शेठचं. बरोबर ना?’ त्याचं नुसतं ‘हो’ आलं तरी ते जपून ठेवा. वेळ आली तर ते दाखवता येतं. भट्टीवर स्वतःची एक वही ठेवा. तारीख, विटा, खर्ची, एवढे तीनच रकाने पुरतात. दर रविवारी पानाचा फोटो काढून गावात राहिलेल्या कुणाला तरी पाठवून द्या. वही भिजते, फाटते, हरवते.

आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचं पुस्तक, एटीएम कार्ड यातलं काहीही कुणाकडे ‘ठेवायला’ द्यायचं नाही. झेरॉक्स मागितली तर झेरॉक्स द्या.

कायदा काय म्हणतो तेही घरात माहीत असू द्या. वेठबिगार पद्धती रद्द करणारा कायदा १९७६ चा आहे. उचल दिली म्हणून कुणालाही तुम्हाला डांबून ठेवता येत नाही, दुसरीकडे कामाला जायला बंदी करता येत नाही, पोरांना त्या पैशापोटी राबवता येत नाही. अशा वेठीतली उचल कायद्याने फेडावीच लागत नाही. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात सांगितलं की किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा वेठच. तक्रार तहसीलदारांकडे, प्रांतांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते, आणि जिवावर बेतलं असेल तर ११२ आहे. आपल्या भागाला हा विषय नवा नाही. डहाणू-तलासरीकडे लग्नासाठी सावकाराचं कर्ज काढलेला गडी बायकोसकट त्याच्याकडे राबायचा, त्याला लग्नगडी म्हणत. १९४५ मध्ये वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी या दोन्हींविरुद्ध लढा दिला. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो वाचायला मिळतो. पुढे १९८२ पासून वसईकडे श्रमजीवी संघटनेने वेठबिगार सोडवले. ज्यांच्या आजा-पणज्यांनी लाल बावट्याखाली उभं राहून ‘नाही’ म्हटलं, त्यांच्या नातवंडांनी लग्नाच्या मांडवासाठी पुन्हा उन्हाळा गहाण टाकू नये, असं मला फार वाटतं. लग्न एक वर्ष थांबलं तर थांबू द्या, नाहीतर लहान करा.

आता घराकडे येऊ.

सगळ्यात आधी बियाणं. नागली, वरई, भात, उडीद, तूर, खुरासणी, जे तुमच्या शेतात येतं त्याचं पुढच्या वर्षीचं बी निघण्याच्या आधी वेगळं काढा. निवडक कणसांचं काढा, आणि ते विकायच्या किंवा सोबत न्यायच्या धान्यात मिसळू देऊ नका. तीन-चार दिवस कडक ऊन द्या. दाणा दाताखाली धरला की कट्‌ आवाज झाला पाहिजे, नुसता चेपला तर अजून ओल आहे. ओल राहिलेलं बी बंद घरात सहा महिन्यांत पिठुळतं, मग जूनमध्ये पेरलं तरी उगवत नाही. चुलीची चाळलेली राख आणि वाळलेला निरगुडीचा किंवा कडुनिंबाचा पाला घालून ठेवलं की किडा लांब राहतो. काकडी, भोपळा, दोडक्याचं बी आपल्या आज्या शेणात मळून भिंतीला थापून ठेवायच्या, तेही करा, त्याला पैसा लागत नाही. उंदीर मात्र कशालाच जुमानत नाही. म्हणून बी आड्याला टांगा, आणि सगळं एकाच घरात ठेवू नका. निम्मं आपल्याकडे, निम्मं भावाकडे किंवा बहिणीकडे. एका घराला वणव्याची झळ लागली तर दुसऱ्याकडचं वाचतं.

बियाण्यावर मी एवढं का बोलते? परत येता तेव्हा मे सरत आलेला असतो. हिशेबात हातात काय पडलं ते पडलं. त्याच वेळी बी विकत आणावं लागलं, तर दुकानदाराची उधारी होते. ती फेडायला भादव्यात मुकादमाचे दोन हजार जास्त घ्यावे लागतात. एका हरवलेल्या पोत्याची साखळी पुढच्या वर्षाच्या भट्टीपर्यंत जाते.

खायच्या धान्याचंही माप काढा. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण अर्धा किलो धान्य धरा. दोन म्हातारी माणसं मागे राहणार असतील तर सहा महिन्यांचं १८० किलो होतं. प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर माणशी महिन्याला ५ किलो मिळतं, म्हणजे दोघांचं सहा महिन्यांत ६० किलो. उरलेलं १२० किलो कणगीत असायला हवं. ते ठेवून मगच बाकीचं सोबत न्या किंवा विका. अंत्योदय पत्रिकेवर कुटुंबाला ३५ किलो मिळतात, तिथे म्हाताऱ्यांची काळजी कमी, पण अंगठा कोणाचा लागतो ते बघा. घरातल्या प्रत्येकाचं आधार पत्रिकेला जोडलेलं आणि ई-केवायसी झालेली असली पाहिजे. नाहीतर तिकडे तुम्ही आणि इकडे आजी, दोघंही दुकानातून रिकाम्या हाताने परत याल. ते झालेलं असलं की ‘एक देश एक शिधापत्रिका’ या सोयीमुळे भट्टीजवळच्या रास्त भाव दुकानातून तुमच्या वाट्याचं धान्य उचलता येतं आणि उरलेलं गावात आजीला घेता येतं. बाहेरच्या दुकानदाराने ‘तुमची पत्रिका इथली नाही’ असं सांगितलं तरी मागे फिरू नका. पत्रिकेचा बारा अंकी क्रमांक सांगा आणि यंत्रावर अंगठा लावायला सांगा.

कुडाच्या घराचं मोठं शत्रुत्व आगीशी आणि वाळवीशी. डोंगरावरचं गवत फेब्रुवारीपासून कोरडं होतं, कुठून वणवा सुटेल सांगता येत नाही. घराभोवतीचं दहा-बारा हात गवत कापून, झाडून माती उघडी करून निघा. सरपणाची मोळी भिंतीला टेकवून ठेवण्याची आपली सवय असते. ती मोळी दूर, दगडांवर रचा. तिच्यातूनच वाळवी कारवीच्या कुडात चढते. भिंतीला शेवटचा एक हात शेणमातीचा द्या, खालच्या बाजूला जास्त. चूल विझवताना पाणी मारून राख उपसून टाका. मीटरचा मुख्य खटका बंद करा, पण वीजबिलाची सोय मात्र कुणाकडे तरी लावून ठेवा, कारण वापर नसला तरी स्थिर आकार चढत राहतो आणि परत येईपर्यंत जोडणी तोडलेली असते.

कागद घरात ठेवू नका. खासकरून वनपट्ट्याचे. वनहक्क कायद्याखाली १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो, आणि कुणाकडे त्यासाठी वन खात्याची जुनी दंडाची पावती असते. पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली. वीस-पंचवीस वर्षं जपलेला तो चिटोरा कुडाच्या घरात गाडग्यात ठेवून जाणं मला बघवत नाही. तो, दाव्याची पोच, जातीचा दाखला, सातबारा, पोरांचे जन्मदाखले हे सगळं पत्र्याच्या पेटीत घालून पक्क्या घरातल्या नातेवाइकाकडे द्या आणि प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून दोन वेगळ्या मोबाईलमध्ये ठेवा.

शेळ्या-कोंबड्या अर्धलीने देण्याची पद्धत चांगलीच आहे. किती जनावरं दिली, त्यात गाभण किती, हे चार माणसांसमोर मोजून द्या म्हणजे पावसाळ्यात तोंडं वाकडी होत नाहीत. विकून टाकायची घाई करू नका. निघायच्या आठवड्यात सगळा पाडा शेळ्या विकायला काढतो आणि व्यापारी भाव पाडतो. वाडीत आंबा-काजूची कलमं लावली असतील आणि ती तीन वर्षांच्या आतली असतील, तर पाण्याची सोय लावल्याशिवाय कुटुंबाने पूर्ण हलू नये, असं मी म्हणेन. जव्हारकडे बाएफ या संस्थेने वाड्या उभ्या केल्या त्या माणसं गावात टिकावीत यासाठीच. बुडाशी पाचोळ्याचं जाड आच्छादन द्या, तळाला बारीक भोक पाडून वात लावलेलं मडकं प्रत्येक कलमाशी पुरा आणि मागे राहणाऱ्याला आठवड्यातून दोनदा ते भरायला सांगा. त्याला त्याचे पैसे द्या. फुकटचं काम एप्रिलमध्ये कुणी करत नाही.

कारण एप्रिलमध्ये पिण्याचंच पाणी नसतं. आपल्याकडे पाऊस धो-धो पडतो आणि होळीनंतर विहिरी तळाला जातात. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे आणि त्याचं पाणी मुंबईला जातं, शेजारच्या पाड्यावर टँकरची वाट बघतात. तुमच्या मागे राहिलेली आजी दीड मैलावरून हंडा आणू शकेल का, हे निघण्याआधी विचारा. नसेल, तर पाड्यावरच्या कोणत्या सुनेने रोज दोन हंडे टाकायचे ते ठरवा आणि त्या बदल्यात तिला काय द्यायचं तेही. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या उपकेंद्रातून कोण आणणार, हे त्याच बैठकीत ठरू द्या.

मुलांबद्दल मला जास्त बोलायचं आहे, पण शक्यतो कामाचंच बोलते.

मागे ठेवता आली तर ठेवा. आजीकडे, मामाकडे, आश्रमशाळेत, वसतिगृहात. आश्रमशाळेतल्या जागेसाठी जूनमध्येच हालचाल करावी लागते, दिवाळीत नाही. जव्हारला आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे, तिथे चौकशी करा. आजीकडे ठेवणार असाल तर गुरुजींना किंवा बाईंना येऊन सांगा, एवढीच विनंती. आम्हाला माहीत असलं की पोर दोन दिवस दिसलं नाही तर आम्ही घरी जाऊन बघतो.

न्यावंच लागलं, तर शाळेतून शिक्षण हमी पत्रक घेतल्याशिवाय नेऊ नका. मूल कितवीत आहे, किती शिकलं आहे, याची नोंद त्यात असते आणि ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत त्याला बसता येतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला दाखला आला नाही म्हणून थांबवून ठेवता येत नाही. वर्षाच्या मध्येही नाही. वीटभट्ट्यांवरच्या पोरांसाठी ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने भोंगाशाळा चालवल्या, भट्टीवरच्या भोंग्यांच्या शेजारीच. अशी काही सोय तुमच्या भट्टीजवळ आहे का, नसेल तर सरकारी शाळा किती लांब आहे, हे मुकादमाला विचारायच्या प्रश्नांत घाला. पाटी-पुस्तकांची पिशवी गोधड्यांच्या गाठोड्यात कोंबू नका, ती पोराच्या पाठीवर द्या.

आणि बारा-तेरा वर्षांची मुलगी. धाकट्याला सांभाळायला तिला नेतात. ती सहा महिने भोंग्यात बाळ घेऊन बसते, चूल सांभाळते, आणि जूनमध्ये परत येते तेव्हा वर्गात तिला लाज वाटते, आणि ती येईनाशी होते. हजेरीपटावर अशी नावं मी स्वतःच्या हाताने कमी केली आहेत. धाकट्याची सोय तिकडच्या अंगणवाडीत होते का ते आधी बघा. नसेल होत, तर आजीला सोबत न्या आणि मुलीला गावात मावशीकडे ठेवा. उलटं करू नका.

पोटुशी बाई घरात असेल तर तिच्या दिवसांचा हिशेब उचलीच्या हिशेबाआधी. सातवा लागलेला असेल तर तिने गावातच थांबावं. इथे अंगणवाडीत अमृत आहाराचं रोजचं गरम जेवण आहे, आशाताई आहे, जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे. भट्टीवर रात्री दोनला कळा सुरू झाल्या तर १०८ ला सांगायचा पत्ता तरी माहीत असतो का? जाणार असाल तर माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून अंगावर बाळगा, लोहाच्या गोळ्या दोन महिन्यांच्या मागून घ्या. अंगणवाडीताईंना कुठे जाणार ते गाव-तालुक्यासह सांगा. बाहेर जाणाऱ्या बायका-मुलांची नोंद ठेवण्याची व्यवस्था त्यांच्याकडे आहे, आणि तिकडच्या अंगणवाडीत नाव घालणं त्यामुळे सोपं जातं. तान्ह्याची लस कोणत्या तारखेला ते कार्डावर पाहून ठेवा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची चुकते ती बहुतेक प्रवासात, आणि नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची भट्टीवर. निघताना बाळाचं वजन करून लिहून ठेवा आणि होळीला आल्यावर पुन्हा करा. १९९२-९३ साली वावर-वांगणीत कुपोषणाने बाळं दगावली, ते जव्हार तालुक्याने पाहिलं आहे. वजन घटलेलं दिसलं तर होळीनंतर बाळाला आणि आईला परत नेऊ नका, मग शेठ काहीही म्हणो.

सोबतच्या सामानाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण मच्छरदाणी न्याच, आणि ती अंथरुणाखाली खोचून झोपा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, चावल्याचं कळतही नाही, पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या जड होतात. असं झालं तर भगताकडे वेळ घालवू नका, थेट सरकारी दवाखाना. मोठ्या पोरांना एक मोबाईल क्रमांक तोंडपाठ करून घ्या, आणि लहान्याच्या दप्तरात कागदावर लिहून ठेवा. भट्टीवर पोहोचलात की पहिल्याच दिवशी तिथलं ठिकाण मोबाईलवरून गावी पाठवा. पुष्कळांना सहा महिने राहूनही आपण कोणत्या गावच्या हद्दीत आहोत ते सांगता येत नाही.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, मग जायचंच कशाला? हा प्रश्न दरवर्षी घरात एकदा तरी मोठ्याने विचारला जावा. रोजगार हमीचं काम मागायचं तर ते दसऱ्याच्या सुमारास, लेखी मागा. ग्रामपंचायतीत अर्ज द्या आणि तारखेची पोच हातात घेतल्याशिवाय उठू नका. पोच नसेल तर तुम्ही काम मागितलंच नव्हतं असं होतं. महाराष्ट्राने ही हमी १९७७ च्या कायद्यात घातली, देशाने नंतर घेतली. काम उशिरा निघतं, मजुरी रखडते, हे मी रोज बघते. तरीही पाड्यावरच्या वीस घरांनी एकत्र अर्ज दिला तर काम निघण्याचा संभव वाढतो, आणि चार आठवड्यांचं काम जरी मिळालं तरी तुम्ही दिवाळीनंतर लगेच न जाता एक महिना उशिरा जाता. किंवा सगळं कुटुंब जात नाही, दोघंच जातात. तेवढ्याने एका मुलीचं वर्ष वाचतं.

होळीला याल तेव्हा नाच-गाणं, बोहाडा सगळं होऊ द्या, ते नसेल तर गावाला यायचं कशाला. पण एक सकाळ घरासाठी काढा. बी काढून उन्हात घाला, कुडाला वाळवीची माती चढली आहे का बघा, आजीच्या कणगीत किती उरलं ते हाताने चाचपा, आणि तोवरच्या विटांचा हिशेब त्या वहीतून मांडा. शेठच्या आणि तुमच्या आकड्यात फरक असेल तर तो होळीनंतर परत जाताना बोलायचा. हंगामाच्या शेवटी टेम्पो उभा असताना कुणी ऐकून घेत नाही. राब भाजायला घरातलं कुणीतरी एप्रिलमध्ये गावात असेल अशी सोय तेव्हाच करून ठेवा.

आणि निघायच्या शेवटच्या रात्री, सगळी गाठोडी बांधून झाली की, परत येण्याच्या दिवसाचं एक गाठोडं बांधा. ते घरातच राहणार आहे. त्यात एका वेळेचे तांदूळ, मूठभर उडीद, मीठ, मिरची, हळद. चुलीशेजारी दोन दिवस पुरेल इतकं बारीक सरपण. एक धुतलेली गोधडी. तुम्ही मे महिन्याच्या शेवटी कधीतरी रात्री उतरणार, पोरं झोपलेली, अंग भट्टीच्या धुळीने भरलेलं, हातातल्या पैशांचा अजून अंदाज आलेला नसणार. त्या रात्री कुणाच्या दारात पसाभर तांदूळ मागायला जावं लागू नये. गाठोडं आड्याला उंदराच्या उडीपासून लांब टांगा. आगपेटी मात्र त्यात बांधू नका, ती झाकणाच्या डब्यात वेगळी ठेवा, वळवाच्या पहिल्या सरीने काड्या सर्द होतात.